इअरबड्सची परीक्षा तंबोऱ्यावर

दोन हजारांच्या आणि वीस हजारांच्या इअरबड्सच्या आवाजात दहापट फरक असतो का, असं वाचक वारंवार विचारतात. दहापट नसतो. फरक मात्र असतो, कधी कधी तो स्वस्त जोडीच्या बाजूनेही असतो, आणि तो ओळखण्याची आपली रीत चुकलेली आहे. मित्राचे बड्स कानात घालायचे, धडधडत्या ठेक्याचं एखादं गाणं अर्धा मिनिट ऐकायचं आणि 'भारी आहेत' म्हणून मोकळं व्हायचं. यूट्यूबवरची कितीतरी परीक्षणंही याच वाटेने जातात. त्यातून कळतं ते एवढंच, की कुठली जोडी जास्त मोठ्याने वाजते.

मोठ्याने वाजणारं आपल्याला चांगलं वाटतं, हा कानाचा धर्मच आहे. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की आवाज लहान असला की खर्जातले ध्वनी आपल्याला फार कमी ऐकू येतात; आवाज वाढवला की ते वर येतात. त्यामुळे तीच जोडी, तेच गाणं, पण आवाज दोन डेसिबलने चढा ठेवला तर ती जास्त भरीव वाटते. दोन जोड्या ताडून पाहायच्या तर आधी दोन्हींचा आवाज एका पातळीवर यायला हवा. प्रयोगशाळेत त्यासाठी उपकरणं असतात. घरी फोनवरचं तंबोऱ्याचं अ‍ॅप पुरतं. तो एकसारखा वाजत राहतो, त्यामुळे एकदा ही जोडी, एकदा ती, असं करत दोन्हींचा आवाज सारखा वाटेपर्यंत खाली-वर करता येतो. कुठल्या जोडीला आवाज किती ठेवला ते लक्षात ठेवायचं आणि मगच गाणं लावायचं. एवढं केलं तरी निम्म्या शिफारशी गळून पडतील, याची मला खात्री आहे.

खोक्यावरच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नका. सोनीच्या डब्ल्यूएफ-१०००एक्सएम४ मध्ये आवाज निर्माण करणारा ड्रायव्हर ६ मिलिमीटरचा होता, तर दोन हजारांच्या आतल्या अनेक जोड्या १० किंवा १३ मिलिमीटरचा मिरवतात. ड्रायव्हरच्या आकारावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. '२० ते २०,००० हर्ट्झ' हा आकडाही तसाच. या टप्प्यात आवाज किती डेसिबलने वर-खाली होतो ते सांगितलेलं नसेल, तर त्यातून काहीच कळत नाही.

सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट खोक्यावर छापलेलीच नसते. बड कानात नीट बसतो का? कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. सिलिकॉनची टिप तिथे घट्ट बसली नाही, थोडी जरी फट राहिली, तरी खर्ज त्या फटीतून निसटतो. मग ड्रायव्हर कितीही महाग असो, आवाज पातळ आणि टोचरा लागतो. एकाच जोडीबद्दल एक जण 'बासच नाही' म्हणतो आणि दुसरा 'बास फार आहे' म्हणतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोघांचे कान वेगळे. कंपन्यांना हे चांगलं ठाऊक आहे. अ‍ॅपलच्या २०१६ च्या पहिल्या एअरपॉड्सना टिप्सच नव्हत्या. २०१९ मध्ये एअरपॉड्स प्रो आले तेव्हा टिप्ससोबत त्या नीट बसल्यात का हे तपासणारी चाचणी फोनमध्ये दिली गेली. सोनीने एक्सएम४ सोबत कानात फुगून बसणाऱ्या फोमच्या टिप्स दिल्या. तुमच्या जोडीला अशी चाचणी नसेल तर तोंड मिटून 'म्' असा लांब गुंजार करा. नॉइज कॅन्सलिंग असेल तर ते आधी बंद ठेवा. तुमचा आवाज दोन्ही कानांत सारखाच घुमला पाहिजे. एका बाजूला कमी घुमला, तर त्या बाजूची टिप लहान पडते आहे.

हे झालं की मग खरी परीक्षा. इथे मी आग्रहाने सांगेन, की ती आपल्या संगीतावर घ्या, आणि सुरुवात तंबोऱ्यापासून करा. आता अ‍ॅप नको, खऱ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण हवं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून-घासून जवारी काढतात आणि वाजवणारा तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती उघडतो. घोडीच्या त्या किंचित फुगीर पृष्ठभागावर तार टेकत-सुटत राहते, आणि त्यामुळे मूळ स्वरावर उपस्वरांची मोठी रांग उभी राहते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला होता. तार ज्या ठिकाणी छेडली तिथे जे उपस्वर नियमाने उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, असं त्यांनी नोंदवलं. इतकी भरगच्च आणि तरीही स्थिर आवाजाची गोष्ट दुसरी कुठली मिळणार? त्यामुळेच बड्सच्या खोड्या तिच्यासमोर लपत नाहीत.

ऐकायचं काय, तर स्वयंभू गंधार. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर लागते. तिचा पाचवा उपस्वर ३४६ हर्ट्झच्या आसपास पडतो, तो गंधार. तंबोरा सुरेल लागलेला असेल तर कुणीही न छेडलेला हा गंधार खर्जाच्या तारेतून आपोआप उमलतो. चांगल्या बड्समध्ये तो शोधावा लागत नाही. बास वाढवलेल्या जोडीत खर्ज नुसता घुमत राहतो आणि गंधार त्याखाली दबतो. वरचा भाग चढवलेल्या जोडीत उलटं होतं: गोल जवारीचा तंबोरा करकरायला लागतो, बंद जवारी खुली वाटते. कारागिराने घोडीवर आणि कलावंताने दोऱ्यावर घेतलेली मेहनत कंपनीच्या ट्यूनिंगने परस्पर पुसून टाकली जाते. मला हे सहन होत नाही.

तंबोऱ्यानंतर तबला. उजव्यावरच्या 'ना'चा सूर स्पष्ट कळायला हवा, नुसती 'टक्' नको. शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरेल होतात, हेही रामन यांनीच १९२० साली मांडलं. बड्समध्ये तो सूरच हरवत असेल तर जोडी कामाची नाही. डग्ग्यावरच्या 'घे'ला मनगटाच्या दाबाने जो बाक येतो, तो वरून खाली आणि खालून वर कसा गेला हे समजलं पाहिजे. बास फुगवलेल्या जोडीत सगळे 'घे' एकाच जाडीचे होतात आणि पसरून गायकाच्या आवाजावर चढतात. खालचा ध्वनी वरच्या ध्वनीला सहज झाकतो, वरचा खालच्याला तितका झाकत नाही. कानाची ही रचनाच आहे. म्हणून बासचा अतिरेक फक्त बासपुरता राहत नाही, तो शब्द खातो, श्वास खातो, मुरकी खातो. विलंबित ख्यालात बोल कळत नाहीत म्हणून आपण गायकाला दोष देतो. एकदा जोडी बदलून बघा.

बासशी माझं वैर नाही. हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह यांच्या संशोधनातही बहुतेक श्रोत्यांना थोडा उचललेला बास आवडल्याचं दिसलं. पण थोडा. आपल्या बाजारातल्या स्वस्त जोड्या त्याच्या बऱ्याच पुढे जातात, कारण अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत तेच खपतं. जोडीच्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझर असेल तर बास तीन-चार डेसिबलने उतरवून तोच राग पुन्हा ऐका. फुकटात जोडी सुधारण्याचा हा उपाय फारच कमी लोक करतात.

कोडेकबद्दल, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आटवण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. एलडॅक हा कोडेक ९९० किलोबिट प्रतिसेकंदापर्यंत जातो, पण गर्दीच्या स्टेशनवर दुवा टिकवण्यासाठी तो ३३० पर्यंत उतरू शकतो. आयफोनवर एलडॅक चालतच नाही, तिथे एएसी आणि एसबीसी एवढंच. तेव्हा आयफोनवाल्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की गाण्याचा आवाज एकदम डबक्यासारखा होतो, तोही बड्सचा दोष नसतो. माइक चालू होताच ब्लूटूथ सहसा संगीताचा मार्ग सोडून संभाषणाच्या अरुंद मार्गावर जातं. त्या अवस्थेत कुठल्याही जोडीची तुलना करू नका.

नॉइज कॅन्सलिंगला मात्र मी आवाजाच्या दर्जाचाच भाग मानतो. लोकलचा घरघराट, पंख्याचा गुंजन असे खालचे, सततचे आवाज ते चांगलं कापतं, आणि खर्ज गिळतात ते नेमके हेच आवाज. कॅन्सलिंग नसेल तर प्रवासात हात आपोआप आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलवर. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. लहान आवाजातही ज्या जोडीत तंबोरा भरलेला ऐकू येतो, तीच माझ्या लेखी उत्तम जोडी. किंमत त्यानंतर.

परीक्षण करणाऱ्यांना एक विनंती: कुठल्या आकाराची टिप लावली, दोन जोड्यांचा आवाज सारखा केला होता का, आणि कुठलं ध्वनिमुद्रण ऐकलं, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय 'ही जोडी सरस' असं म्हणू नका. आणि नवी जोडी घ्यायला निघालेल्या वाचकांनी आधी जुन्या जोडीचा खोका शोधावा. त्यात लहान आणि मोठ्या टिप्स न वापरता पडून असतील. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळ्या मापाची टिप लागू शकते. त्या बदलून आठवडाभर ऐका, आणि मग खर्च करायचा की नाही ते ठरवा.