उतारा द्यावा, दप्तर नको



आपल्या उसाची नोंद चिटबॉय बांधावर घेत असला तरी तिचा मुक्काम आता कारखान्याच्या संगणकात असतो. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, पाण्याची सोय, गेल्या साली पडलेले टनेज हे सारे तेथे आहे. त्याच्याच शेजारच्या रकान्यांत तुमचे बँक खाते आहे, आधार क्रमांक आहे, सोसायटीची कपात आहे आणि काट्यावर आलेल्या प्रत्येक खेपेचे वजन आहे. हे दप्तर बाहेरच्या मोठ्या संगणकाला, ज्याला क्लाउड म्हणतात त्याला, जोडावे काय, हा प्रश्न आपल्यासारख्या कारखान्यांपुढे उभा आहे. जोडावे, असे आमचे मत आहे. मात्र ज्या खात्यातून ही जोडणी होणार, ते खाते कसे उघडावे याकडे कोणी फारसे पाहत नाही. आमचे म्हणणे आहे ते त्याच बाबतीत.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्याने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालविला आहे, तो २०२४ पासून पुष्कळ शेतकरी पाहून आले आहेत. २०२५ मध्ये मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही या कामात उतरली. उपग्रहाचे चित्र, हवामान केंद्र व जमिनीतला ओलावा मोजणारे यंत्र यांची माहिती एकत्र करून पाणी केव्हा द्यावे, खत किती द्यावे, कीड-रोग कोठे दिसतो, याचा सल्ला शेतकऱ्याला मिळतो. हे काम चांगले आहे. पण उपग्रहाला वरून फक्त हिरवे रान दिसते. ते हिरवे रान जुलैतली आडसाली लागण आहे की तिसरा खोडवा, को ८६०३२ आहे की फुले २६५, मागे तेथे बेसल डोस पडला होता की नाही, हे त्याला कळत नाही. कृष्णाकाठचे क्षारपड रान आणि येरळेकडचे मुरमाड रान यांना एकच सल्ला दिला तर तो एकाला तरी चुकणारच. म्हणून त्या यंत्रणेला आपल्या शेतकी खात्याची नोंद लागते. ती दिल्याशिवाय सल्ला बिनकामाचा.

आता जोडणी म्हणजे काय? दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायचे तर पाच गोष्टी भराव्या लागतात. आपल्या सर्व्हरचा पत्ता, दाराचा क्रमांक ज्याला पोर्ट म्हणतात, दप्तराचे म्हणजे डेटाबेसचे नाव, खात्याचे नाव, आणि त्या खात्याचा पासवर्ड किंवा किल्ली. पहिल्या तिन्हींत काही चुकले की जोडणी होतच नाही, त्यामुळे त्या बरोबर भरल्या जातात. चौथ्या-पाचव्याचे तसे नाही. तेथे सर्वांत मोठ्या अधिकाराचे खाते भरले तरी जोडणी होते, उलट फार लवकर होते, कारण त्या खात्याला कुठेच आडकाठी नसते. बाहेरून आलेला माणूस घाईत असतो, आपला संगणक विभाग गळिताच्या गडबडीत असतो, आणि मग ‘तुमचंच खातं द्या की, पाच मिनिटांत होतंय’ असे म्हणून काम उरकले जाते. पडद्यावर हिरवी खूण आली की चहा पिऊन माणसे निघून जातात.

हे खाते मोठ्या अधिकाराचे दिले म्हणजे काय होते, ते जगात एकदा नव्हे, अनेकदा दिसून आले आहे. मे २००२ मध्ये ‘स्पायडा’ नावाची संगणकी कीड पसरली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसए’ नावाचे मुख्य खाते असे. ज्यांनी त्याचा पासवर्ड कोरा ठेवला होता, त्यांच्या घरात ही कीड सरळ पुढच्या दाराने शिरली. अलीकडचे उदाहरण २०२४ सालचे. स्नोफ्लेक नावाच्या क्लाउडवर अनेक कंपन्यांची माहिती ठेवलेली होती. चोरांनी स्नोफ्लेकची भिंत फोडली नाही. ग्राहक कंपन्यांच्याच खात्यांचे चोरलेले पासवर्ड घेऊन ते आत गेले. तपास करणाऱ्या मँडियंट या संस्थेने सुमारे १६५ ग्राहकांना धोका असल्याची सूचना दिली. टिकेटमास्टर, एटी अँड टी अशी मोठी नावे त्या चोरीत सापडली. चोरीला गेलेले काही पासवर्ड तर २०२० पासूनचे होते, ते कोणी बदललेच नव्हते. ठरावीक पत्त्यावरूनच प्रवेश द्यावा अशी सोय होती, ती त्या खात्यांना लावलेली नव्हती. दुसरी खूणही मागितली जात नव्हती. क्लाउड पक्के आहे, ही ग्वाही कंपनीचा माणूस देतो तेव्हा ती खोटी नसते. परंतु आपले खाते आपणच ढिले ठेवले तर त्या पक्केपणाचा काय उपयोग?

एका सभासदाने आम्हाला विचारले, “साहेब, आमच्या उसाचं वजन काय गुपित हाय व्हय? साऱ्या गावाला ठावं असतंय.” खरे आहे. एका खेपेचे वजन गुपित नाही. पण कार्यक्षेत्रातल्या सगळ्या गावांची यादी, कोणाच्या कोणत्या गटात किती ऊस, कोणत्या तारखेचा, कोणत्या जातीचा, तोडीला केव्हा येणार, ही यादी ज्याच्या हाती पडेल त्याला आपल्या हंगामाचा नकाशा मिळाला. उसाची पळवापळवी आपल्या दोन्ही जिल्ह्यांना नवी नाही. त्याच यादीला सोसायटीची कपात जोडा, म्हणजे कोणाला पैशाची नड आहे तेही कळले. खत-औषधे खपविणारा असो की कर्ज देणारा असो, दोघांनाही असे कागद हवेच असतात.

आणि हे झाले नुसते वाचण्याचे. लिहिण्याचा अधिकार त्याहून वाईट. काट्यावरचे वजन दुरुस्त करायचे तर आपल्याकडे अर्ज लागतो, सही लागते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात, आणि ते याच वजनावर निघतात. बाहेरच्या जोडणीच्या खात्याला त्या रकान्यात लिहिता येत असेल तर तेथे ना अर्ज, ना सही. कोणी मुद्दाम करील असे आम्ही म्हणत नाही. एखादी चुकीची आज्ञा धावली आणि हजारो ओळी बदलल्या, एवढेही पुरे. मग कोणाच्या वहीतला आकडा खरा धरायचा?

तेव्हा आमचे म्हणणे असे. तलाठ्याकडे आपण जातो तेव्हा तो आपल्याला सातबाराचा उतारा देतो, दप्तर उचलून देत नाही. त्याच रीतीने या जोडणीसाठी स्वतंत्र खाते काढावे. ते कोणा माणसाचे नसावे, त्या एका कामाचेच असावे, म्हणजे माणूस बदलून गेला तरी घोटाळा होत नाही. त्या खात्याला मूळ तक्ते दाखवू नयेत. डेटाबेसमध्ये ‘व्ह्यू’ नावाची सोय असते, तीत आपण ठरवू तेवढेच रकाने दिसतात. गटाची हद्द, लागणीची तारीख, जात, हंगाम, खोडव्याचा क्रमांक, माती परीक्षण, टनेज, एवढे त्या यंत्रणेला पुरते. नाव, आधार, बँक व कपात यांचे तिला काही काम नाही. नावाच्या जागी आपण दिलेला एक क्रमांक जावा, आणि तो क्रमांक कोणाचा हे फक्त आपल्या कार्यालयात कळावे.

मग सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोहोचायचा कसा, असे कोणी म्हणेल. मोबाईल नंबर तरी द्यावाच लागेल, असे आम्हालाही सांगण्यात आले. ते आम्हाला पटत नाही. त्या यंत्रणेने प्लॉटच्या क्रमांकावर सल्ला परत पाठवावा आणि तो निरोप आपल्या कारखान्याने आपल्या सभासदाला पाठवावा. याला थोडे जास्त काम पडते, एखादा दिवस उशीरही होईल. पण निरोपाखाली आपल्या शेतकी खात्याचे नाव असेल, आणि चूक सल्ला गेला तर जाब विचारायला तुम्हाला गट ऑफिस जवळ आहे.

सल्ला परत यायचा म्हणजे कोठेतरी लिहावे लागणारच. त्यासाठी वेगळा कोरा तक्ता द्यावा व त्या खात्याला फक्त तेथेच लिहिता यावे. ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिचे कारण तोडणी आहे. उपग्रहावरून साखरेच्या उताऱ्याचा व पक्वतेचा अंदाज काढता येतो आणि तो उपयोगीही आहे. पण तो अंदाज कोणाच्याही हाताखालून न जाता थेट तोडणी कार्यक्रमात उतरू लागला, तर लागणीच्या तारखेप्रमाणे लावलेली पाळी एका रात्रीत मोडेल. आडसालीवाला तुऱ्याकडे बघत बसेल आणि नंतरचा ऊस पुढे जाईल. पक्वता धरून पाळी बदलायची की नाही, हे संचालक मंडळाने ठरवावे, तुमच्यासमोर ठरवावे. यंत्राने सुचवावे, कार्यक्रमाच्या रकान्यात हात घालू नये.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. गळीत चालू असताना चालू दप्तरावर बाहेरून वाचन लावू नये, कारण काट्याचा संगणक जड झाला की बाहेर बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची रांग लागते. रोज एक नक्कल काढावी व वाचन त्या नक्कलेवर चालावे. खात्याला ठरावीक पत्त्यावरूनच प्रवेश असावा. पासवर्डपेक्षा किल्लीच्या जोडीची पद्धत बरी, तीत गुप्त किल्ली एका बाजूलाच राहते. पासवर्ड असलाच तर तो व्हॉट्सॲपवर पाठवू नये. हे लिहावे लागते याचेच आम्हाला नवल वाटते. त्या खात्याने केव्हा काय वाचले याची नोंद राहावी, आणि ती महिन्यातून एकदा कोणीतरी खरोखर वाचावी. करार संपला की त्याच दिवशी खाते बंद व्हावे.

कायद्याचेही सांगायला हवे. व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. माहिती ज्याने गोळा केली त्याच्यावर तिची जबाबदारी, असा त्याचा रोख आहे. म्हणजे बाहेरच्या कंपनीकडून माहिती सांडली तरी आपल्या कारखान्याला ‘ते त्यांनी केले’ म्हणून सुटता येणार नाही.

आमच्याच बरोबरीचे काही म्हणतात की एवढा बारकावा केला तर जोडणीला महिना लागेल आणि शेजारचे कारखाने पुढे जातील. लागू द्या महिना. जो ऊस आपण बारा ते अठरा महिने सांभाळतो, त्याच्या नोंदीसाठी एक महिना काही फार नाही. याच्या उलट, बाहेर काहीच देऊ नका असे म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी आमचे जमत नाही. पाणी व खत यांची बचत व्हायची असेल तर माहिती द्यावीच लागेल, आणि दप्तर कुलपात ठेवून उसाचे टनेज वाढत नाही.

जोडणी झाली असे सांगण्यात येईल त्या दिवशी एक परीक्षा घ्यावी, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे. नेहमी परीक्षा होते ती जोडणी चालते का याची. आपण त्याच खात्याने शिरून एका खेपेचे वजन बदलण्याचा प्रयत्न करावा, एका सभासदाचे बँक खाते उघडण्याचा प्रयत्न करावा, तोडणीची एक तारीख पुढे ढकलून पाहावी. मूळ दप्तराला धक्का नको म्हणून हे सारे नक्कलेवर करावे. तिन्ही वेळा नकार आला पाहिजे. हे पाहायला दोन-चार सभासद बोलवावेत. संगणक कळत नसला तरी नकार कळतो.

किल्ली बदलण्याचे काम मात्र कोणाच्याच यादीत नसते म्हणून राहून जाते. गळीत संपले की दरवर्षी मिलचे रोलर उतरतात, टर्बाइन उघडले जाते, काट्याची तपासणी होते. त्याच ओव्हरहॉलिंगच्या यादीत एक ओळ वाढवावी: जोडणीची सर्व खाती तपासणे, नको ती बंद करणे, राहिलेल्यांची किल्ली बदलणे. समोर संगणक विभागाची व शेतकी खात्याची, अशा दोन सह्या असाव्यात, आणि ती यादी गट ऑफिसच्या फलकावर लावावी.