उपचाराचा नियम तपासता आला पाहिजे

बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावात खोकणाऱ्या बाळाला पाहायला आशाताई जातात, तेव्हा त्यांच्याजवळ एक्स-रे नसतो. बाळ शांत असताना त्या पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजतात. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा आकडा 60 किंवा त्यापुढे गेला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. संगणकाच्या जगात ज्याला अल्गोरिदम म्हणतात, तो हाच. माहिती घ्यायची, ठरलेल्या क्रमाने तपासायची आणि निर्णय करायचा.

त्यासाठी संगणक लागतोच असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने फारसे आकडे न येणाऱ्या सुईणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक तयार केले होते. गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून औषध दिल्यास बालमृत्यू घटतात, हे त्यांनी 1990 साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. श्वास मोजण्याचा हा नियम उघड आहे. तो कोणालाही वाचता येतो, तपासता येतो आणि चुकला तर चूक दाखवता येते.

आता असे निर्णय संगणकाकडे जात आहेत. एक्स-रे वाचणे, जोखमीचा रुग्ण निवडणे ही कामे सॉफ्टवेअर करू लागले आहे. त्यातून डॉक्टर कमी असलेल्या भागाला मोठा आधार मिळू शकतो. पण या सॉफ्टवेअरमधला नियम अनेकदा कंपनीच्या कुलपात असतो. डॉक्टरला दिसतो तो फक्त निकाल.

याचे परिणाम अमेरिकेत दिसले आहेत. जादा देखभाल कोणत्या रुग्णांना द्यायची हे ठरवणाऱ्या एका अल्गोरिदमची तपासणी 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तो आजाराऐवजी उपचारावर होणाऱ्या खर्चाचा अंदाज बांधत होता. तेवढ्याच आजारासाठी कृष्णवर्णीयांवर कमी खर्च होत असे, म्हणून ते कमी आजारी ठरत. चूक दुरुस्त केल्यास जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले. 2021 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात जंतुसंसर्गातून उद्भवणाऱ्या जीवघेण्या गुंतागुंतीचा, म्हणजे सेप्सिसचा, इशारा देणारे एक सॉफ्टवेअर तपासले गेले. तोवर ते अनेक रुग्णालयांत बसवले गेले होते. सेप्सिसच्या दर तीन रुग्णांपैकी जवळपास दोन त्याच्या नजरेतून सुटत होते.

खर्चावरून आजार मोजणारे सॉफ्टवेअर बीड जिल्ह्यात आणले तर काय होईल? ऊसतोडीला गेलेली बाई दुखणे अंगावर काढते, कारण एक खाडा पडला तरी पैसे कापले जातात. तिच्या नावावर दवाखान्याचा खर्च जवळपास नसतोच. यंत्र तिला ठणठणीत ठरवील आणि तिच्या पाळीला कोणी येणार नाही.

यावर ओपन सोर्स सॉफ्टवेअर हा महत्त्वाचा उपाय आहे. त्याची आज्ञावली, म्हणजे जावा किंवा पायथॉनसारख्या भाषेत लिहिलेला मूळ मजकूर, सर्वांना वाचायला, तपासायला आणि सुधारायला खुला असतो. आरोग्य क्षेत्राला हे नवे नाही. ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारी ‘डीएचआयएस-2’ ही आरोग्य आकडेवारीची प्रणाली सत्तरहून अधिक देशांत वापरली जाते. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात आकाराला आलेली ‘बाह्मनी’ ही रुग्णालयीन प्रणालीही याच जातकुळीतली. ‘आरोग्य सेतू’ची आज्ञावली सुरुवातीला बंद होती. टीका झाल्यावर मे 2020 मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची आज्ञावली खुली करण्यात आली.

येथे दोन गैरसमज टाळायला हवेत. नियम खुला करणे म्हणजे रुग्णाची माहिती खुली करणे नव्हे. कोणाला कोणता आजार आहे, हे गुप्तच राहिले पाहिजे. दुसरे म्हणजे, ओपन सोर्स म्हणजे फुकट नव्हे. परवान्याचे पैसे वाचले तरी देखभाल, प्रशिक्षण आणि दुरुस्तीसाठी माणसे आणि निधी लागतोच. शिवाय यंत्र कोणत्या रुग्णांच्या माहितीवर शिकले, हे कळल्याशिवाय आज्ञावली खुली असूनही पुरेसे होत नाही.

सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने 2015 मध्येच जाहीर केले आहे. आरोग्याच्या निविदांमध्ये ते कसोशीने पाळले जावे. सार्वजनिक पैशातून घेतलेले जे सॉफ्टवेअर रुग्णाबद्दल निर्णय सुचवते, त्याचा नियम खुला असावा. ते कोणत्या माहितीवर शिकले, हे जाहीर व्हावे. वापरापूर्वी त्याची इथल्याच रुग्णांवर स्वतंत्र चाचणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीतून प्रसिद्ध व्हावेत. आज्ञावली वाचू शकणारी मुले आता जिल्ह्याजिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहेत. चूक शोधण्याच्या कामात त्यांनाही घेता येईल.

बाळाला दवाखान्यात का न्यायचे, असे आईने विचारले तर आशाताई श्वासांचा आकडा सांगू शकतात. यंत्राच्या निर्णयाबद्दलही तिला तसेच उत्तर मिळाले पाहिजे.