आप्पांच्या फियाटची किंमत

बालमित्रांनो, आजवर आपण भाजी तोलली, कापूस तोलला. आज चक्क एक मोटार तोलू या!

आमची शाळा पारोळ्याजवळच्या एका खेड्यात. गेल्या वर्षी चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत रडवेला होऊन आला. "सर, आप्पांची फियाट भंगारात चाललीय!" ताईच्या नर्सिंगच्या फीला पैसे कमी पडत होते आणि भंगारवाल्याने उक्ते 18,000 रुपये सांगितले होते. आप्पा म्हणजे त्याचे आजोबा. ते नुसतं एवढंच म्हणत, "हाई मनी गाडी शे." पण नातीची फी त्यांनाही कळत होतीच की!

मी म्हटलं, "विकायची की नाही ते घरची मोठी माणसं ठरवतील. आपण फक्त किंमत काढू." संध्याकाळी सात-आठ पोरं घेऊन मी त्यांच्या खळ्यात गेलो.

निंबाखाली गाडी उभी. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड! गिअरचा दांडा मात्र स्टिअरिंगच्या खांबालाच, जुन्या थाटाचा. आप्पांनी ट्रंकेतून आरसी पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं : प्रीमियर पद्मिनी, 1974. आपल्याकडे तिला सगळे फियाटच म्हणतात, कारण मूळ गाडी इटलीच्या फियाट कंपनीची. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेली प्रीमियर कंपनी ती मुंबईत कुर्ल्याला बनवायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच बरं का! अशी शेवटची टॅक्सी 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

आधी भंगाराचा हिशेब. गाडीचं वजन सुमारे 900 किलो. किलोला 20 रुपये धरले तर 900 × 20 = 18,000. म्हणजे भंगारवाला लोखंडाचा भाव देत होता. पण गाडी म्हणजे नुसतं लोखंड का?

एक पोरगी म्हणाली, "सर, जुनी वस्तू म्हणजे महागच ना?" नाही हं! जुनेपणाने एकट्याने किंमत वाढत नाही. वस्तू दुर्मीळ हवी आणि ती हवी असणारा माणूसही हवा. मर्सिडीजने 1955 मध्ये एका जातीच्या फक्त 2 मोटारी बनवल्या. त्यातली एक 2022 मध्ये 13 कोटी 50 लाख युरोंना विकली गेली, म्हणजे हजार कोटी रुपयांच्याही वर! पद्मिनी मात्र गावोगावी होत्या. म्हणून तिची किंमत तिच्या स्थितीवर आणि अस्सलपणावर ठरते.

धुळ्याचे एक जुने मिस्त्री माझ्या ओळखीचे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अशीच, चालू आणि सगळे भाग मूळचे असलेली गाडी 1,80,000 ला गेली." लक्षात ठेवा, मालकाने मागितलेली नव्हे, हातात पडलेली किंमत धरायची. आपल्या गाडीला पत्रा, रंग, टायर, सीट मिळून खर्च 1,20,000. वजा केले, उरले 60,000. पोरांनी टाळ्याच पिटल्या!

मग रॉकेलच्या फडक्याने नंबर पुसून आरसीशी ताडून पाहिले. चासीचा नंबर जुळला. इंजिनाचा जुळेना! आप्पा हळूच म्हणाले, "1988 ला इंजिन बदललं होतं, भाऊ."

याने फरक पडतो. 2021 च्या सरकारी नियमाप्रमाणे नोंदणीला 50 वर्षं झालेल्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून खास नंबर मिळू शकतो. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा लागतो. मिस्त्रींनी 20,000 कमी केले. राहिले 40,000.

आमचा गडी माझ्या कानाशी लागला. "सर, इंजिनाचं सांगायलाच पाहिजे का? घेणाऱ्याला काय कळतंय?" मी काही बोलायच्या आत आप्पाच म्हणाले, "बेटा, लपवून घेतलेले 20,000 आपले नसतात. ते दुसऱ्याचे असतात."

पंधरा दिवसांनी जळगावहून एक हौशी गृहस्थ आले. आप्पांनी गाडी दाखवण्याआधी इंजिनाची गोष्ट सांगितली. पाहुण्यांनी गाडी दोनदा फिरून पाहिली आणि 38,000 दिले. आमचं उत्तर 2,000 ने चुकलं, पण किंमत म्हणजे शेवटी अंदाजच ना! ताईची फी भरली गेली. गाडी टेम्पोवर चढताना आप्पांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि घरात निघून गेले. त्या हाताची किंमत मात्र आम्हांला कुठल्याच रकान्यात मांडता आली नाही.

आता तुमची पाळी. एका जुन्या मोटारीसारखीच चालू मोटार 2,40,000 ला विकली गेली. हिच्या दुरुस्तीला 1,65,000 लागतील. भंगारवाला 17,500 देतो. तर भंगारापेक्षा किती जास्त मिळायला हवेत? उत्तर पुढच्या अंकात!

आणि आई-बाबांनो, घरातलं काही जुनं विकण्याआधी त्याचे कागद एकदा मुलांना वाचायला द्या.