पाट्टी येतेय!

मागच्या सत्रात एका रविवारी आमच्या डॉर्मिटरीत वाद रंगला. विषय होता, आजवरचा सगळ्यात भारी भुताचा व्हिडिओ गेम कोणता? सीनियर्सनी एकमताने 'रेसिडेंट एव्हिल' सांगितला. मी 'ग्रॅनी' म्हणालो आणि सगळे हसले. "तो लहान पोरांचा गेम!" मी उत्तर देणार तेवढ्यात लाइट्स आउट झाले. राहिलेलं उत्तर इथे लिहितो.

ज्या पालकांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 'ग्रॅनी' 2017 मध्ये मोबाइलवर आला, फुकट. डीव्हीलोपर या नावाने तो काढला गेला. तुम्ही एका पडक्या घरात कोंडलेले असता आणि पाच दिवसांत बाहेर पडायचं असतं. घरात एक म्हातारी बॅट घेऊन हिंडते. तुमच्या हातून एखादी वस्तू खाली पडली, फळी करकरली, की ती आलीच. तिने गाठलं की एक दिवस गेला. पलंगाखाली नाहीतर कपाटात लपत, पक्कड, हातोडी, किल्ली शोधत मुख्य दाराची कुलपं एकेक करून काढायची.

गेममध्ये दोष भरपूर आहेत, ते मी लपवत नाही. चित्रं ओबडधोबड. म्हातारी चालते की घसरते ते कळत नाही. कधी कधी ती दारापाशीच अडकून बसायची आणि आम्ही तिच्या समोरून आरामात निघून जायचो. 2019 च्या दुसऱ्या भागात एक आजोबा आले, ज्यांना कमी ऐकू येतं. 2021 च्या तिसऱ्यात आगगाडीसुद्धा आली. माझ्या मते तिथे मजा कमी झाली. एक घर, एक म्हातारी, पाच दिवस, एवढं पुरेसं होतं.

पण 'रेसिडेंट एव्हिल'वाल्यांनी फार हसू नये. 1996 च्या त्यांच्या पहिल्या गेममध्ये प्रत्येक खोलीत जाताना दार हळूहळू उघडताना दाखवायचे. डिस्कवरून पुढची खोली लोड व्हायला वेळ लागायचा, तो झाकण्यासाठी ही युक्ती होती. आणि आज जुने खेळाडू प्रेमाने आठवतात ते हेच दार! मग माझी दारात अडकलेली म्हातारी का नको?

'ग्रॅनी'ची खरी भीती डोळ्यांत नव्हती, कानांत होती. त्यामुळे चित्रं कशी आहेत याने काही बिघडत नव्हतं. आम्ही दोघं एकच इअरफोन वाटून घ्यायचो आणि श्वास रोखून बसायचो. (रात्री पाणी प्यायला उठताना ड्यूटीवरच्या सरांना चाहूल लागू न देता कसं चालावं, हे मी कुठे शिकलो ते आता त्यांना कळेल.)

आम्ही दोघं म्हणजे मी आणि आमच्या चेन्नईच्या घरासमोरचा मित्र. बाबांची नोकरी आवडीला, आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये राहतो. 2020 मध्ये आजी पाडव्यासाठी साताऱ्याहून आली होती. पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर लॉकडाउन. आजी सप्टेंबरपर्यंत अडकली. तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. आमची आणि समोरची अशी दोन घरं तेव्हा एकच झाली होती, म्हणून मित्र दिवसभर आमच्याकडे असायचा. बाबांच्या जुन्या फोनवर आम्ही खेळायचो.

मित्र त्या म्हातारीला 'पाट्टी' म्हणायचा. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. हळूहळू आम्ही माझ्या आजीलाही तेच म्हणायला लागलो. तिची काठी फरशीवर टकटक वाजली की "पाट्टी येतेय!" असं ओरडून आम्ही पलंगाखाली घुसायचो. आजीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे आम्ही बिनधास्त हसायचो. ती पलंगापाशी येऊन थांबायची. आम्हाला फक्त तिची पावलं दिसायची आणि काठीचं टोक. मग ती काही न बोलता स्वयंपाकघरात जायची आणि दोघांसाठी लाडू घेऊन यायची.

या गेमचा सगळ्यात मोठा दोष मला चित्रांत किंवा अडकणाऱ्या दारात वाटत नाही. घरातली म्हातारी हेच त्यांना भूत करावंसं वाटलं, हा आहे. दहाव्या वर्षी मला तो दिसला नाही. उलट तीच आमची गंमत होती. तरीही गेम मला आवडतो, कारण त्या सहा महिन्यांत आजी, मित्र आणि मी एका घरात होतो आणि ते दिवस आठवले की आधी हा गेमच आठवतो. चांगला गेम नाही हे मान्य. पण आवडण्यासाठी चांगलाच असावा लागतो, हे मला मान्य नाही.

एका दिवशी आजीने समोरच्या काकूंना खुणेने विचारलं, पाट्टी म्हणजे काय? काकूंनी तिच्याकडे बोट दाखवून, मोडक्या हिंदीत सांगितलं, "दादी." आजी इतकी खूश झाली की साताऱ्याला फोन करून आत्याला म्हणाली, "अगं, इथलं मद्रासी पोरगं मला आजी म्हणतं!"

मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही. दर रविवारी मला शाळेतून फोन करायला मिळतो, तेव्हा ती हटकून विचारते, "तुझा तो मित्र कसा आहे रे, पाट्टी म्हणणारा?" मी म्हणतो, "बरा आहे, आजी. तुझी आठवण काढतो."