शोध गावाच्या भिंतीवर लागो

कुलपतींच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेल्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेने पदवीच्या विद्यार्थ्यालाही संशोधकाचे आसन दिले. आपल्या भित्तिपत्रकाशेजारी उभा राहून तो परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. उपक्रम निःसंशय अभिनंदनीय आहे. पण पारितोषिक वितरणानंतर त्या भित्तिपत्रकाचे काय होते? बहुधा ते गुंडाळून कपाटावर जाते.

अहिल्यानगरजवळचे नागापूर पाहा. औद्योगिक वसाहत, जवळून वाहणारी सीना, भोवती अवर्षणाशी झुंजणारी शेती. विहिरींचे पाणी, नदीची स्थिती, कामगारांचे आरोग्य. येथे विषयांसाठी परदेशी नियतकालिके चाळावी लागत नाहीत. मात्र निष्कर्ष इंग्रजीत मांडले आणि महाविद्यालयातच राहिले, तर ज्याच्या विहिरीतून नमुना घेतला, तो शेतकरी अंधारातच राहतो. समाजाचे हे ऋण फेडलेच पाहिजे.

याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी घाट आणि विहिरी बांधल्या, त्या लोकांची गरज ओळखून. ज्ञानालाही हीच कसोटी लावावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीस्तरावरील संशोधनास आणि भारतीय भाषांस स्थान दिले आहे. पुढचे काम प्राध्यापकांचे, पालकांचे आणि कार्यकर्त्यांचे.

स्पर्धा संपताच भित्तिपत्रकाची मराठी प्रत ग्रामपंचायतीत लागावी आणि विद्यार्थ्याने ग्रामसभेसमोर उभे राहावे. तेथे गुण मिळणार नाहीत. तेथे विचारले जाईल, “मग आम्ही काय करायचे?” या प्रश्नाला सामोरा जाईल, तोच खरा संशोधक.