टोचन लावताय? जरा थांबा!

पावसाळी वीकेंड आला की अर्धं हिंजवडी आणि पाऊण मुंबई लोणावळ्यात! भुशी डॅम, टायगर पॉइंट, पवना लेक... आणि काठावरच्या चिखलात रुतून बसलेली एखादी चकाचक गाडी. मग सल्लागार जमतात. एकाच्या हातात डिकीतला पट्टा, दुसऱ्याच्या हातात ट्रॅक्टरवाल्याची साखळी. 'साखळीच घे रे, लोखंड आहे, तुटायचं नाही!' हा निकाल ठरलेला. बॉस, घोळ इथेच आहे.

साखळी ताणली जात नाही. जे जागचं हलू नये, त्याला ती एकदम फिट! तळेगावच्या बाजूला जेसीबीचा कारखाना आहे, त्यामुळे मावळात ट्रेलरवर बसून निघालेली पिवळी यंत्रं मला कायम दिसतात. मी आधी त्यांच्या साखळ्या बघतो. कारण हिशेब सोपा आहे. कचकन ब्रेक लागला, तर मालावर पुढच्या दिशेनं त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोर येईल, असं धरून युरोपात बांधणी करतात. २० टनांच्या पोकलेनला म्हणजे १६ टन! बोरघाट उतरताना तो जोर रोखायला चारही कोपऱ्यांना साखळ्याच हव्यात. पॉलिएस्टरचा पट्टा हलका, रंग न खरवडणारा. बाइक किंवा जनरेटर बांधायला मस्त. पण लोखंडाच्या धारदार कडेवर तो सुरीखालच्या काकडीसारखा कापला जातो. कडेवर जाड पॅड हवंच, आणि चीर पडलेला पट्टा थेट कचऱ्यात.

रुतलेल्या गाडीचा फंडा मात्र उलटा. इथे झटका बसतो आणि साखळी तो जिरवत नाही. मग हूक तुटतो, नाहीतर कडी उपटून येते, आणि ते लोखंड गोळीसारखं सुटतं. नायलॉनचा रिकव्हरी पट्टा पाचव्या हिश्श्याइतका ताणतो आणि हळूहळू खेचतो. पण ताणलेला पट्टा म्हणजे गलोलच. त्यामुळे दोन पट्टे मध्ये लोखंडी शॅकल घालून जोडायचे नाहीत, बंपरला तर काही बांधायचंच नाही. बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये स्क्रूसारखी फिरवून बसवायची टोइंगची कडी असते, ती वापरा.

साखळीच मिळाली तर? आधी टायरपुढचा चिखल काढा. ट्रॅक्टर इंच इंच पुढे घ्यायला सांगा, साखळी ताठ झाली की मगच ओढा. झटका अजिबात नाही.

आणि हो, मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या मित्रांना साखळीच्या दुप्पट लांब उभं करा. झूम कशासाठी दिलाय?