झाडपाला : तारक की मारक?

“झाडपाल्याने अपाय होत नाही,” असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पण अफू तरी काय? खसखशीच्या बोंडाचा चीकच ना! मॉर्फीन त्यातलेच, हेरॉइन मॉर्फीनपासूनच बनते.

आता या व्यसनावर उतारा म्हणून दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवले जाते. आफ्रिकेतील गॅबन देशात ब्विती पंथाचे लोक इबोगा या झुडपाच्या मुळाची साल धार्मिक विधीत खातात. तिच्यातील इबोगेन घेतल्यावर हेरॉइनची तलफ ओसरल्याचा अनुभव हॉवर्ड लॉट्सॉफ या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाला १९६२ साली आला. परंतु याच इबोगेनमुळे हृदयाचे ठोके बिघडून माणसे दगावलीही आहेत! म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेवरून ‘टॅबर्नॅन्थॅलॉग’ हे अधिक सुरक्षित रसायन घडवले. उंदरांवरील त्याचे आशादायक निष्कर्ष २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

व्यसनी माणसाचे घर कोणत्याही आशेला भुलते. अशा घराच्या गळी ‘नैसर्गिक’ म्हणून काहीही उतरवणे हे पापच होय. वनस्पतीवर श्रद्धा जरूर असावी. परंतु औषध म्हणून देण्यापूर्वी तिची कसून परीक्षा व्हावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.